फुगा दोरीने बांधलेला बरा



दिवाळीची सुटी संपून शाळा सुरू झाली की आमच्या टेबलावर दोन प्रकारचे कागद जमू लागतात. एक सहलीचे, दुसरे विज्ञान प्रदर्शनाचे. सहलीच्या कागदांवर पालकांची फारशी तक्रार नसते. यंदा मात्र प्रदर्शनाच्या एका प्रकल्पावरून आमच्याकडे दोन पत्रे आली आहेत, आणि ती एकमेकांच्या अगदी विरुद्ध आहेत. एका पालकांचे म्हणणे, गरम हवेचा फुगा हा खेळ शाळेने ताबडतोब बंद करावा, मागे काय झाले ते गाव विसरलेले नाही. दुसऱ्या पालकांचे म्हणणे, फुगा करायचाच तर तो मोकळा सोडा, दोरीला बांधलेला फुगा पाहून पाहुणे हसतील. या दोन्ही पत्रांना स्वतंत्र उत्तर देण्यापेक्षा येथेच लिहावे असे आम्ही ठरविले.

आधी मागचे सांगतो, कारण चूक आमचीच होती. २०२३ च्या फेब्रुवारीत शाळेच्या कार्यक्रमात मुलांनी पतंगी कागदाचा फुगा केला होता. तोंडाला तारेची कडी, कडीत स्पिरिटमध्ये भिजविलेला कापसाचा बोळा. दुपारचे चार वाजले होते, समुद्राकडून वारा सुटला होता. पाहुण्यांची भाषणे लांबली म्हणून वेळ पुढे गेली, हेही खरे. फुगा उठला, टाळ्या पडल्या, आणि तो कौलांच्या वरून तिरका तिरका निघाला तो थेट शेजारच्या काजूच्या बागायतीत उतरला. बोळा विझलेला नव्हता. झाडाखालच्या सुक्या गवताने पेट घेतला. आमचा शिपाई आणि दहावीची दोन मुले ओले गोणपाट घेऊन धावली म्हणून ती आग चार हातांच्या पलीकडे गेली नाही. काजूच्या मोहोराचे ते दिवस. बागायतदार संध्याकाळी शाळेत आले. आवाज न चढवता त्यांनी एकच विचारले, "सर, फाल्यां बागायत लासली जाल्यार कोण भरतलो?" आमच्यापाशी उत्तर नव्हते. पुढच्याच महिन्यात म्हादई अभयारण्यात वणवे लागले आणि कित्येक दिवस ते विझवण्याचे काम चालले. त्या बातम्या वाचताना आम्हाला आमचे चार हात गवत आठवत होते.

त्यानंतरच्या शिक्षक सभेत आम्ही फुगा बंद केला. दोन वर्षे बंद होता. तेव्हा आम्हाला तो निर्णय शहाणपणाचा वाटला. आज वाटतो की आम्ही सोपी वाट धरली होती. ज्वाला आणि मोकळा फुगा या दोन गोष्टी बंद करायच्या होत्या, आम्ही सगळा प्रयोगच बंद केला.

यंदा ऑगस्टमध्ये नववीच्या दोन विद्यार्थिनी कार्यालयात आल्या. "सर, विस्तव नसला तर चालेल?" एवढाच त्यांचा प्रश्न. त्यांच्यापैकी एकीच्या घरी ब्युटी पार्लर आहे. तेथील हेअर ड्रायर फुग्याच्या तोंडात धरला तर हवा तापेल, ज्योत लागणार नाही, असा त्यांचा विचार. आम्हाला नाही म्हणायला काही कारण सापडले नाही.

पहिला फुगा त्यांनी साठ सेंटिमीटर व्यासाचा केला. नीट, सुबक, लाल आणि पिवळ्या पाकळ्यांचा. तुये गावात आकाशकंदील आणि नरकासुर करण्यात हात बसलेली मुले काही कमी नाहीत. कागद कसा कापावा, खळ किती पातळ असावी, सुरकुती कशी टाळावी हे आम्ही शिकवावे लागत नाही. फुगा दिसायला उत्तम झाला. ड्रायर दहा मिनिटे चालविला. फुगा टम्म फुगला, पण जमिनीवरून बोटभरही उठला नाही. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. तिसऱ्या दिवशी मुली म्हणाल्या, ड्रायर कमी पडतो आहे, मोठा आणू. विज्ञानाच्या शिक्षिका म्हणाल्या, आणा खुशाल, पण आधी फुगा वजन करून घ्या.

येथून पुढे जे झाले ते आम्हाला अख्ख्या वर्षातले सर्वांत महत्त्वाचे शिक्षण वाटते, म्हणून थोडे विस्ताराने सांगतो. आकड्यांचा कंटाळा असेल त्यांनी दोन परिच्छेद ओलांडून जावे, पण आमची विनंती आहे की जाऊ नये.

एका पतंगी कागदाचे वजन शाळेच्या तराजूवर धड कळत नाही. मुलींनी दहा कागद एकत्र ठेवले, ते ७५ ग्रॅम भरले. कागद ५० सेंटिमीटर रुंद आणि ७५ लांब. म्हणजे एक चौरस मीटर कागदाचे वजन सुमारे २० ग्रॅम. साठ सेंटिमीटर व्यासाच्या गोलाचे पृष्ठफळ १.१३ चौरस मीटर, म्हणजे नुसता कागदच २३ ग्रॅमच्या आसपास, खळ वेगळी. आता हा फुगा उचलणार किती? बाहेरची हवा सकाळी २२ अंश सेल्सिअस असेल तर एक घनमीटर हवेचे वजन साधारण १,१९७ ग्रॅम भरते. (हवेला वजन असते हे मुलांना पाठ असते, पण ते किलोत असते हे ऐकून वर्ग चकित होतो.) तीच हवा ६० अंशांपर्यंत तापली तर पसरते आणि त्याच एका घनमीटरात १,०६० ग्रॅमच उरते. फरक १३७ ग्रॅमचा. हा फरक म्हणजे एक घनमीटर गरम हवेची उचलण्याची ताकद. लहान फुग्यात हवा मावते ०.११३ घनमीटर. म्हणजे ताकद जेमतेम साडेपंधरा ग्रॅम, आणि ओझे तेवीस. कितीही ड्रायर लावा, ६० अंशांवर तो उठणारच नव्हता.

मग फुगा मोठा करायचा. व्यास अडीच पट केला, दीड मीटर, तर कागद सव्वासहा पट लागतो, पण आतली हवा साडेपंधरा पटींहून जास्त होते. कागदाचे वजन १४१ ग्रॅम, खळ, चिकटपट्ट्यांची दुमड आणि तोंडाची कामटीची कडी धरून एकूण १७० ग्रॅम. आतली हवा १.७७ घनमीटर, तिची ताकद २४२ ग्रॅम. सत्तर ग्रॅम शिल्लक. नववीच्या मुलीने फळ्यावर हे शेवटचे वजाबाकीचे गणित केले तेव्हा वर्गात जो गलका झाला तो शेजारच्या वर्गाच्या बाईंना सहन झाला नाही, त्यांनी तक्रार केली. आम्ही ती तक्रार फाइलीत लावली आहे.

घनफळ घनाच्या प्रमाणात वाढते आणि पृष्ठफळ वर्गाच्या, हे वाक्य पाठ्यपुस्तकात असते. ते परीक्षेत एक गुणाला येते. आमच्या मुलींना ते आता जन्मभर लक्षात राहील, कारण त्यांचा एक सुंदर फुगा त्या वाक्यामुळे उठला नव्हता.

पाकळ्या बारा केल्या. दीड मीटर व्यासाच्या गोलाचा परीघ ४७१ सेंटिमीटर, म्हणून मध्यावर प्रत्येक पाकळी ३९ सेंटिमीटर रुंद, अधिक दीड सेंटिमीटर चिकटविण्यासाठी. वर जाताना ती किती निमुळती करायची हे डोळ्यांनी ठरविले की फुगा भोपळ्यासारखा होतो. मध्यापासून ६० अंशांवर ती निम्मी व्हायला हवी, ४५ अंशांवर सुमारे २८ सेंटिमीटर. दहावीच्या एका मुलाने त्रिकोणमितीचा तक्ता काढून ही मापे लिहून दिली. त्याला तोवर कोसाइन म्हणजे गुण घालविण्याची जागा एवढेच माहीत होते. एकूण ३६ कागद लागले, त्यातला निम्मा कातरणात गेला. कातरण प्राथमिकच्या मुलांनी नेले, त्याचे पुढे काय झाले ते वर्गाच्या भिंतीवर पाहावे.

पहिली चाचणी दुपारी तीन वाजता घेतली, मधल्या सुटीनंतर मुले मोकळी होती म्हणून. फुगा उभा राहिला, डोलला, कडी जमिनीवरून सुटल्यासारखी झाली आणि पुन्हा बसली. मुली हिरमुसल्या. मग बाहेरचे तापमान पाहिले, ३२ अंश. या तापमानाला बाहेरची हवाच १,१५७ ग्रॅमची असते. फरक ९७ ग्रॅमवर येतो आणि सगळ्या फुग्याची ताकद १७२ ग्रॅम होते. ओझे १७०. निसर्गाने इतका काटेकोर हिशेब दाखवावा याचे आम्हालाही नवल वाटले. दुसऱ्या दिवशी सकाळी साडेसहाला दोन ड्रायर लावले, चार मिनिटांनी फुगा सरळ उठला, पाच मीटरच्या दोऱ्या ताणल्या गेल्या, पाऊण मिनिट वर राहिला आणि थंड होत हळूच खाली आला. एकच अडचण, दवाने कागद ओलसर होऊन जड होतो. म्हणून फुगा शेवटच्या क्षणापर्यंत वर्गात ठेवायचा, हे त्यांचे त्यांनीच शोधले.

आता धुराविषयी. आम्ही वर्गात विचारले होते की फुगा कशाने वर जातो, तेव्हा निम्म्या मुलांनी सांगितले, धुराने. चूल पेटली की धूर वर जातो हे प्रत्येकाने पाहिलेले. यात हसण्यासारखे काही नाही. फ्रान्समधले माँगोल्फिए बंधू कागद बनविणाऱ्या घराण्यातले. त्यांनी ४ जून १७८३ रोजी आनोने गावात लोकांसमोर मोठा फुगा उडविला आणि त्याच वर्षी १९ सप्टेंबरला व्हर्साय येथे राजासमोर एक मेंढी, एक बदक आणि एक कोंबडा आकाशात पाठविला. २१ नोव्हेंबरला पॅरिसमध्ये दोन माणसे प्रथमच मोकळ्या फुग्यातून फिरून आली. एवढे सगळे करणाऱ्या या बंधूंचाही समज होता की धुरात काही विशेष वायू असतो आणि तोच फुगा उचलतो. म्हणून ते ओला पेंढा आणि लोकर जाळून दाट धूर करीत. आमच्या मुलींच्या ड्रायरमध्ये धुराचा लवलेश नव्हता, आणि फुगा उठला. माँगोल्फिएंची चूक नववीच्या वर्गाने आपल्या डोळ्यांनी खोडून काढली. हे ज्योतीच्या फुग्याने झाले नसते. विस्तव काढून टाकल्याने प्रयोग फिका होईल असे म्हणणाऱ्यांनी याचा विचार करावा.

माँगोल्फिएंचे नाव सगळ्या पुस्तकांत असते. त्यांच्याही ७४ वर्षे आधीची एक गोष्ट मात्र आपल्या गोव्यातल्या मुलांना सांगितली जात नाही, याची आम्हाला खंत वाटते. ब्राझीलमधील सांतोस येथे जन्मलेले पाद्री बार्तोलोमेव द गुज्मांव यांनी ८ ऑगस्ट १७०९ रोजी लिस्बनमध्ये पोर्तुगालचे राजे पाचवे जुआंव यांच्यासमोर कागदाचा एक छोटा फुगा खालून विस्तव लावून उडविला. तो दालनाच्या छतापर्यंत गेला. त्याआधीच्या एका प्रयत्नात फुगा जळून गेला होता, आणि एकदा तर पडदे पेटतील या भीतीने नोकरांनीच तो खाली पाडला असे सांगतात. तेव्हा आमच्या शिपायाने काही नवीन केले नाही. आणि हा प्रयोग झाला कोठे? 'काझा द इंडिया' या इमारतीत. म्हणजे भारताशी चालणाऱ्या व्यापाराचा कारभार जेथून पाहिला जाई ती कचेरी. गोव्याच्या बंदरातून निघालेल्या गलबतांचे हिशेब जेथे लागत, त्या छताखाली जगातला एक पहिला कागदी फुगा उठला. त्या काळी आपला पेडणे महाल पोर्तुगीजांकडे नव्हता, तो सावंतवाडीच्या भोसल्यांकडे होता आणि अठराव्या शतकाच्या अखेरीस नव्या काबिजादीत गेला. पण इतिहास आणि विज्ञान हे दोन विषय एकाच तासात शिकविता येतात, त्याचे याहून चांगले उदाहरण आम्हाला तरी ठाऊक नाही.

आमचे स्वतःचे शिक्षण हिंदी माध्यमातून झाले. घरात मराठी, पण शाळा आणि महाविद्यालय हिंदी. आम्ही 'घनत्व' आणि 'उत्प्लावन बल' शिकलो. येथे नोकरीला लागल्यावर मराठी पुस्तकातले 'घनता' आणि 'प्लावक बल' नव्याने लावून घ्यावे लागले, आणि आजही बोलताना जीभ कधी कधी घसरते. मुले हसतात, हसू देतो. आता आमच्या माध्यमिकच्या मुलांचे शास्त्र इंग्रजीतून चालते. त्यांना 'डेन्सिटी' म्हणता येते, पण घरी आजीला ते काय आहे ते सांगता येत नाही. फुग्याच्या प्रकल्पाची वही आम्ही मुद्दाम मराठीत लिहायला लावली. "आतली हवा पातळ झाली म्हणून बाहेरच्या जड हवेने फुग्याला वर ढकलले" असे एका मुलीने लिहिले आहे. आर्किमिडीजचे तत्त्व याहून स्वच्छ शब्दांत आम्हाला कोणत्याही माध्यमात वाचल्याचे आठवत नाही.

आता दुसऱ्या पत्राकडे वळतो, फुगा मोकळा सोडा म्हणणाऱ्या पालकांकडे. त्यांचा उत्साह आम्हाला कळतो. फुगा म्हटला की तो आकाशात दिसेनासा व्हावा असे कोणालाही वाटते. २६ नोव्हेंबर २००५ रोजी उद्योगपती विजयपत सिंघानिया वयाच्या ६७ व्या वर्षी मुंबईहून गरम हवेच्या फुग्यातून उठले, २१,०२७ मीटर उंची गाठली आणि नाशिक जिल्ह्यात पांचाळे येथे उतरले. तो जागतिक विक्रम होता. त्या उड्डाणाची बातमी आम्ही अजूनही मुलांना दाखवितो. पण त्या फुग्यात माणूस होता, हाताशी बर्नर होता, उतरायचे केव्हा हे ठरविण्याचा अधिकार होता. कागदी फुग्याला यातले काही नाही. तो कोठे उतरेल हे सोडणाऱ्याला माहीत नसते. हैदराबादला टाटा मूलभूत संशोधन संस्थेचे फुग्यांचे केंद्र आहे. तेथून प्रचंड प्लॅस्टिकचे फुगे हायड्रोजन भरून वातावरणाच्या वरच्या थरांत सोडतात आणि उपकरणे पॅराशूटने खाली आणतात. ते शास्त्रज्ञही आधी सर्व परवानग्या घेतात आणि उपकरण सापडले तर हात लावू नका, कळवा, असे खेड्यापाड्यांतल्या लोकांना आवाहन करतात. ज्यांना वाऱ्याचे सगळे गणित येते ते एवढी काळजी घेतात.

शिवाय आता आपल्या तालुक्याचे आकाश पूर्वीसारखे मोकळे राहिलेले नाही. मोपा येथील विमानतळाचे उद्घाटन ११ डिसेंबर २०२२ रोजी झाले आणि ५ जानेवारी २०२३ पासून विमाने ये-जा करू लागली. शाळेच्या मैदानातून ती दिसतात, प्राथमिकची मुले प्रार्थनेच्या वेळी माना वर करतात, त्यांना रागावून उपयोग होत नाही. आमचा २०२३ चा फुगा विमानतळ सुरू होऊन जेमतेम महिना झाला होता तेव्हाचा. बागायतीची काळजी करताना त्या वेळी आम्हाला विमानाचे सुचलेही नव्हते, ही आणखी एक कबुली. जळती वस्तू विमानाच्या वाटेत तरंगत राहावी, यापेक्षा भयंकर काय असू शकते?

आणि हे शाळेपुरते नाही. किनाऱ्यावर हल्ली वर्षअखेरीला कागदी आकाशदिवे विकले जातात, तोंडाशी मेणाची वडी लावून सोडायचे. पेटलेला दिवा वर जाताना फोटो फार छान येतो. तो विझून, नाहीतर न विझता, कोणाच्या माडावर, कोणाच्या गोठ्यावर, कोणाच्या गवताच्या उडवीवर पडतो याचा फोटो कोणी काढीत नाही. मोरजीच्या वाळूत सागरी कासवे अंडी घालायला येतात, त्यांच्यासाठी किनारा काळोखा ठेवावा म्हणून किती वर्षे माणसे राबत आहेत. तेथे आपल्याच गावची मुले दिवे सोडायला जात असतील तर त्यांना घरातूनच अडविले पाहिजे. घरच्या दारात टांगलेला आकाशकंदील आणि हा भटका दिवा, नावे सारखी वाटली तरी दोन वेगळ्या वस्तू आहेत. एक आपल्या माणसाला घर दाखवितो, दुसऱ्याचा पत्ता त्यालाही ठाऊक नसतो.

बंद करा म्हणणाऱ्या पालकांनाही आमचे काही सांगणे आहे. शाळेत धोक्याची प्रत्येक वस्तू बंद करायची ठरविली तर प्रयोगशाळेला कुलूप लावावे लागेल. मग काय उरते ते आम्ही गेली काही वर्षे प्रदर्शनांतून पाहत आहोत. थर्माकोलचा ज्वालामुखी, त्यात खाण्याचा सोडा आणि व्हिनेगर. थर्माकोलची सूर्यमाला. पावसाचे पाणी साठविण्याचे घर, छत निळे रंगविलेले. यातली निम्मी तयार मिळतात, उरलेली रात्री जागून आई-वडील करतात, मुले सकाळी उचलून आणतात. विचारले की पाठ केलेली चार वाक्ये म्हणतात. गेल्या खेपेला एका मुलाला आम्ही विचारले, हे चालले नाही तर काय करशील? तो म्हणाला, "बाबांना फोन करीन." त्याचा दोष नाही. आम्ही बक्षिसे देखणेपणाला देत आलो. आमच्या या मुलींचा फुगा एका प्रदर्शनात मांडला होता तेव्हा परीक्षकांनी विचारले की यात नवीन काय, हे तर सगळ्यांना माहीत आहे. मुलींनी वजनांची वही पुढे केली, ती उघडून पाहायला वेळ नव्हता. पहिले बक्षीस दिव्यांनी चमकणाऱ्या एका नमुन्याला गेले. आम्हाला राग आला हे लपवीत नाही. पण मुली परत येताना बसमध्ये पुढच्या फुग्याचा व्यास ठरवीत होत्या, दोन मीटर, आणि त्याला किती कागद लागेल ते बसच्या तिकिटामागे लिहीत होत्या.

म्हणून आमचे मत स्पष्ट आहे. फुगा चालू राहील. त्याला ज्योत लागणार नाही, ना स्पिरिट, ना मेण, ना कापूर. ड्रायरची वायर वर्गातून काढलेली असेल, दवाच्या ओल्या गवतावर ती पडणार नाही आणि ती जोडण्याचे काम शिक्षकच करतील. फुग्याला तीन बाजूंनी तीन दोऱ्या असतील आणि त्या तीन मुलांच्या हातात असतील. एकच दोरी पुरत नाही, वाऱ्याने फुगा आडवा होतो आणि तोंडातून गरम हवा सांडते, हे एकदा अनुभवले आहे. झाडाचे पान हलत असेल तर त्या दिवशी फुगा वर्गातून बाहेर येणार नाही, मग पाहुणे कोणीही असोत. पाहुण्यांच्या भाषणासाठी फुगा थांबणार नाही. सकाळी साडेसहाला उडेल, ज्यांना पाहायचा असेल त्यांनी साडेसहाला यावे.

दोरीला बांधलेला फुगा पाहून कोणी हसेल काय? हसेल कदाचित. पण दोरीचा एक फायदा पत्र लिहिणाऱ्या पालकांच्या लक्षात आला नसावा. मोकळा फुगा गेला की गेला, त्यातून पुन्हा काही शिकता येत नाही. बांधलेला परत येतो. मग त्याच्या आत थर्मामीटर घालून पाहता येते, फाटलेली पाकळी जोडता येते, दोरीला पाच पाच ग्रॅमची वजने अडकवून गणितातले सत्तर ग्रॅम खरोखर आहेत का ते तपासता येते. आमच्या मुलींनी तपासले. सत्तर निघाले नाहीत, चाळीसच्या आसपास निघाले. वरची हवा ६० अंश असली तरी तोंडाकडची तेवढी तापलेली नसते, हे त्यावरून त्यांच्या ध्यानात आले, आणि आता त्या आतल्या हवेचे तापमान तीन ठिकाणी मोजण्याच्या खटपटीत आहेत. वही पुढे सरकली आहे.

दोन मीटरच्या फुग्याची पहिली चाचणी जानेवारीच्या दुसऱ्या शनिवारी सकाळी साडेसहा वाजता शाळेच्या मैदानात घेण्याचे ठरले आहे. त्या काजू बागायतदारांनाही आम्ही स्वतः जाऊन निमंत्रण दिले. त्यांनी येतो म्हणून सांगितले, आणि येताना पाण्याचा पंप घेऊन येऊ का असे हसून विचारले. आम्ही आणा म्हणालो. ज्या पालकांच्या घरी चालू स्थितीतला हेअर ड्रायर असेल त्यांनी तो त्या दिवसापुरता द्यावा, मुलीच्या पार्लरचे दोनच आहेत आणि मोठ्या फुग्याला चार लागतील. ड्रायरवर नाव लिहून शुक्रवारपर्यंत कार्यालयात आणून द्यावा.